ऑस्ट्रेलियाला इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर म्हणून जायचंय? स्किल असेसमेंटची फाईल अशी तयार करा

आयटीआय झालंय, हाताला सात-आठ वर्षांचं काम आहे आणि आता ऑस्ट्रेलियाला कायमचं जायचा विचार चाललाय, अशांसाठी हे लिहितोय. काम उत्तम येत असूनही बरेच जण स्किल असेसमेंटच्या, म्हणजे व्हिसाआधी तुमचं ट्रेडचं कौशल्य तिकडून तपासून घेण्याच्या, कागदांवर अडकतात, आणि वाईट याचं वाटतं की त्यात खरे कारागीरच जास्त असतात, ज्यांनी एकाच वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं मान मोडून काम केलं पण निघताना एक धड कागद मागून घेतला नाही. तिथला असेसर तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या हाताचं काम त्याने पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर सुरुवातीला फक्त फाईल येते. म्हणून फाईलमधल्या प्रत्येक गोष्टीला दोन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे लागतात आणि ते दोन्ही एकमेकांशी जुळावे लागतात. कंपनीचं पत्र म्हणतंय जून २०१७ ला लागला, तर पीएफच्या पासबुकातही तिथूनच पैसे जमा व्हायला लागलेले दिसले पाहिजेत. पुढचं सगळं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

आधी कुठल्या दारातून जायचं ते ठरवा

ट्रेडवाल्यांचं असेसमेंट बहुतेक करून ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया म्हणजे टीआरएकडे येतं, हे तिथल्या केंद्र सरकारच्या रोजगार खात्यातलंच ऑफिस आहे. टीआरएचे प्रोग्राम वेगवेगळे आहेत आणि तुम्हाला कुठला लागू होतो ते तुमचा ट्रेड आणि तुमचा पासपोर्ट यावर ठरतं. भारतीय पासपोर्टवाल्यांचे बरेचसे ट्रेड ऑफशोर स्किल्स असेसमेंट प्रोग्राममध्ये येतात, आणि त्यात प्रत्यक्ष असेसमेंट टीआरएने मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्था करतात, वेटअसेस हे त्यातलं आपल्याकडे जास्त ऐकू येणारं नाव. दुसरा आहे मायग्रेशन स्किल्स असेसमेंट, त्यात टीआरए स्वतः कागद बघून निर्णय देतं. जॉब रेडी प्रोग्राम ऑस्ट्रेलियात शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी आहे, इथून थेट जाणाऱ्याने त्याच्या नादी लागू नका.

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी-रेफ्रिजरेशन मेकॅनिक हे तिथे लायसन्सचे ट्रेड आहेत, त्यांना ऑफशोर प्रोग्राममधूनच जावं लागतं.

मग येतो कोड. प्रत्येक व्यवसायाला अँझस्को म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या व्यवसायांच्या यादीतला सहा आकडी कोड असतो. तो अंदाजाने भरू नका, नीट बघून लिहा: इलेक्ट्रिशियन जनरल ३४११११, फिटर जनरल ३२३२११, फिटर अँड टर्नर ३२३२१२, वेल्डर फर्स्ट क्लास ३२२३१३, डिझेल मोटर मेकॅनिक ३२१२१२, एसी-रेफ्रिजरेशन मेकॅनिक ३४२१११. कोडखाली त्या व्यवसायाच्या कामांची यादी दिलेली असते, ती दोनदा वाचा आणि स्वतःला विचारा की गेल्या तीन वर्षांत मी यातलं खरंच काय केलं. आपल्याकडे पदाच्या नावावर काही ठरत नाही. डिप्लोमावाल्याला कंपनी ज्युनियर इंजिनियर म्हणते आणि तो दिवसभर पॅनल उघडून फॉल्ट काढत असतो, उलट कुणी कागदावर फिटर असतो आणि प्रत्यक्षात स्टोअर सांभाळतो. कोड निवडायचा तो हाताने केलेल्या कामावरून.

आणि हो, पैसे भरायच्या आधी तुम्हाला हव्या त्या व्हिसाच्या यादीत तुमचा कोड आहे का ते बघून घ्या. पॉइंटवर मिळणारे १८९, १९०, ४९१ आणि एम्प्लॉयरवाला ४८२ या नंबरांच्या व्हिसांच्या याद्या एकसारख्या नाहीत. वयाचाही हिशोब करा, १८९, १९०, ४९१ साठी आमंत्रण येईल त्या दिवशी वय ४५ च्या आत लागतं आणि किमान ६५ पॉइंट लागतात.

एक मोठा कागद घ्या आणि तारखा मांडा

एकही डॉक्युमेंट स्कॅन करायच्या आधी हे करा. दहावीनंतरचा प्रत्येक महिना मांडायचा, आयटीआय कधी ते कधी, अप्रेंटिसशिप कुठे, पहिली नोकरी, मधला रिकामा काळ, दुसरी नोकरी, गावाकडे घरी बसलेले चार महिने, सगळं. प्रत्येक नोकरीसमोर तीन रकाने करा: पत्र कोण देणार, पगाराचा पुरावा काय आहे, त्या काळातले कामाचे फोटो आहेत का. जिथे रकाना रिकामा राहील तिथे पुढचे दोन-तीन महिने तुमची मेहनत जाणार आहे हे आत्ताच कळेल.

रिकामा काळ लपवू नका, रिकामा काळ असणं गुन्हा नाही. पण तो झाकायला आधीच्या नोकरीची तारीख पुढे ढकलली की पीएफचं पासबुक लगेच उघडं पाडतं.

या मांडणीतून आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांत निदान १२ महिने तुम्ही त्याच ट्रेडमध्ये फुल टाइम, पगारी काम केलेलं असावं लागतं. जे सुपरवायझर झालेत आणि हातात हत्यार घेणं थांबलंय त्यांनी हे जास्त गांभीर्याने घ्या, कारण माणसं सांभाळणं आणि ट्रेडचं काम करणं हे तिथे वेगळं धरतात. दुसरी, एकूण किती वर्षं लागतात ते ट्रेनिंगवर अवलंबून असतं, रीतसर ट्रेनिंग असेल तर कमी, नुसतं काम करत शिकला असाल तर जास्त, तेव्हा तुमच्या ट्रेडची गाइडलाइन उघडून नेमका आकडा बघा. अप्रेंटिसशिप ट्रेनिंगमध्ये दाखवली असेल तर तेच वर्ष परत नोकरीच्या अनुभवात मोजू नका.

नावाचा घोळ सगळ्यात आधी मिटवा

मराठी माणसाच्या फाईलमध्ये हमखास निघणारी अडचण म्हणजे नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव गायब, पीएफमध्ये स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, आणि बँकेत नुसतं इनिशियल. आपल्याला हा एकच माणूस आहे हे दिसतं पण बाहेरच्या असेसरला ती तीन माणसं वाटू शकतात.

पासपोर्टवरचं नाव हे प्रमाण धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. पीएफ, बँक, पॅन यातली दुरुस्ती होते, वेळ लागतो पण होते, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा. जुनं मार्कशीट बदलणं अवघड असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं अॅफिडेव्हिट जोडा आणि त्यात प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं लिहा. नाव खरोखर बदललं असेल तर गॅझेटची प्रत ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला लावायचा.

ट्रेनिंगचे कागद

आयटीआयचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, सगळ्या सेमिस्टरच्या किंवा वर्षांच्या मार्कशीट, आणि अप्रेंटिसशिप केली असेल तर नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. नुसतं सर्टिफिकेट देऊन भागत नाही, काय शिकलात ते पण दिसायला हवं, म्हणून तुमच्या वर्षीचा त्या ट्रेडचा सिलॅबस मिळवा. आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांकडून कोर्सचा कालावधी, पूर्ण वेळ होता की नाही आणि विषय कुठले होते असं लेटरहेडवर लिहून घेता आलं तर फारच चांगलं. इलेक्ट्रिशियनचा आणि फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा, वेल्डरचा एका वर्षाचा, हे आपल्याला माहीत आहे, तिकडच्या माणसाला कागदावरूनच कळणार. वायरमन परमिट, वेल्डर क्वालिफिकेशन टेस्टचे रिपोर्ट, कंपनीतली सेफ्टी ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, हे सगळं जोडता येतं.

मराठीत किंवा अरबीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर अधिकृत ट्रान्सलेटरकडून करून मूळ कागदासोबतच ठेवा.

कंपनीचं पत्र, म्हणजे फाईलचा कणा

इथे घाई करू नका, कारण जास्तीत जास्त अर्ज इथेच लंगडे पडतात. एचआर जे छापील एक्स्पिरिअन्स लेटर देतं त्यात काय असतं, की अमुक माणूस अमुक ते अमुक काळात आमच्याकडे होता, त्याची वागणूक चांगली होती, त्याला शुभेच्छा. यातून असेसरला काहीच मिळत नाही. तुम्हाला पाहिजे ते स्टेटमेंट ऑफ सर्व्हिस, आणि त्यात एवढं असायलाच हवं: कंपनीचं लेटरहेड, पूर्ण पत्ता आणि फोन, तुमचं पासपोर्टप्रमाणे नाव, सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिवसासकट, अजून नोकरी चालू असेल तर तसं स्पष्ट, पद, आठवड्याचे तास, फुल टाइम की पार्ट टाइम, मधे मोठी बिनपगारी सुट्टी असेल तर ती, कामाचं तपशीलवार वर्णन, वापरलेली हत्यारं आणि मशीनं, आणि शेवटी सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, सही, तारीख, थेट फोन आणि कंपनीचा ईमेल.

कामाचं वर्णन तुम्ही स्वतः कच्चं लिहून सुपरवायझरकडे न्या, कारण त्याला वेळ नसतो आणि त्याने लिहिलं तर दोन ओळीत संपवतो. तो वाचून, खरं आहे ते ठेवून, स्वतःच्या जबाबदारीवर सही करेल. लिहिताना नुसतं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स असं लिहून थांबू नका. काय लिहायचं? ४१५ व्होल्ट थ्री फेज मोटरचं कनेक्शन आणि स्टार-डेल्टा स्टार्टरचं वायरिंग, ड्रॉइंग बघून कंट्रोल पॅनल जोडणं, मेगरने इन्सुलेशन रेझिस्टन्स घेणं, अर्थिंगची टेस्ट, केबल ग्लँडिंग आणि लग क्रिम्पिंग, काम सुरू करायच्या आधी सप्लाय बंद करून लॉक आणि टॅग लावणं. फिटर असाल तर बेअरिंग बदलणं, डायल गेजने कपलिंगचं अलाइनमेंट, मायक्रोमीटर-व्हर्नियरने कुठल्या टॉलरन्सपर्यंत मोजमाप, हायड्रॉलिक सिलिंडरचे सील. वेल्डर असाल तर कुठली प्रोसेस, आर्क की टिग की मिग, कुठल्या पोझिशनला, किती जाडीच्या कुठल्या मटेरियलवर, आणि जॉइंट नंतर कशाने तपासला जायचा.

पण एक विनंती. अँझस्कोची यादी उचलून जशीच्या तशी पत्रात चिकटवू नका. सगळ्या नोकऱ्यांच्या पत्रात शब्द न शब्द तोच मजकूर दिसला की वाचणाऱ्याला संशय येतोच, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढे टेक्निकल इंटरव्ह्यूमध्ये पत्रातल्याच ओळीवर प्रश्न येतात. जे केलं नाही ते लिहिलं तर तिथे तोंडातून शब्द फुटत नाही.

ठेकेदाराकडे काम केलेल्यांचा प्रश्न वेगळा असतो. गेट मोठ्या कंपनीचं, पीएफ आणि पगार ठेकेदाराचा. अशा वेळी स्टेटमेंट ऑफ सर्व्हिस ठेकेदाराचंच लागतं कारण मालक तो, आणि त्यात काम कुठल्या प्लँटमध्ये केलं ते लिहून घ्यायचं. सोबत प्लँटचा गेटपास, वर्क परमिटच्या प्रती, जमलं तर प्लँटच्या इंजिनियरचं वेगळं पत्र की हा माणूस आमच्याकडे अमुक काळ अमुक काम करत होता. गल्फमध्ये काम केलेल्यांनी कॉन्ट्रॅक्ट, लेबर कार्ड, पासपोर्टवरचे व्हिसा आणि एंट्री-एक्झिटचे शिक्के, पगार जमा झालेल्या बँक खात्याचं स्टेटमेंट असं सगळं तिथून निघायच्या आधीच गोळा करावं, परत आल्यावर ते मिळवणं फार जड जातं.

कंपनी बंद पडली किंवा मालक पत्र द्यायला तयारच नाही, असंही होतं. मग त्या वेळच्या सुपरवायझरचं किंवा सोबत काम केलेल्या सीनियरचं सही केलेलं निवेदन, तुमचं स्वतःचं अॅफिडेव्हिट की पत्र का मिळू शकलं नाही, आणि त्याच्या पाठीशी अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंट लेटर, आयडी कार्ड, पीएफ. एवढं करूनही ते मान्य होईलच असं नाही, पण नुसता रकाना रिकामा सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पगाराचा पुरावा

पत्र सांगतं की काम केलं, पैसा सांगतो की ती खरी नोकरी होती. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, २६एएस, इन्कम टॅक्स रिटर्न, यूएएनचं पासबुक. यातलं सगळं प्रत्येक नोकरीला असणार नाही पण प्रत्येक नोकरीसाठी निदान दोन प्रकारचे पाहिजेत, आणि सुरुवात, मध्य, शेवट असा पूर्ण काळ झाकला जायला हवा. बँक स्टेटमेंटवर पगाराच्या ओळी हायलाइट करून ठेवा, पन्नास पानांत शोधायला कुणी बसत नाही.

रोख पगारावर काम केलेल्यांची इथे खरी कसोटी आहे. जुनी व्हाउचर, हजेरी रजिस्टरच्या प्रती, ईएसआयचं कार्ड, त्या वेळी भरलेलं रिटर्न, जे सापडेल ते शोधा. आणि तुम्ही अजून दोन वर्षांनी अर्ज करणार असाल तर आजच मालकाला सांगून पगार बँकेत घ्यायला लागा, या एका गोष्टीने पुढचं निम्मं ओझं उतरतं.

स्वतःचा धंदा असेल तर पुरावे वेगळे: उद्यम नोंदणी, गुमास्ता, जीएसटी असेल तर ते, वर्षावर्षाची रिटर्न, सीएचं लेटरहेडवरचं पत्र की कधीपासून हा धंदा आहे आणि कसला आहे, गिऱ्हाइकांना दिलेली बिलं, सामान घेतल्याची बिलं, आणि काही गिऱ्हाइकांची व सप्लायरची पत्रं ज्यात काय काम केलं ते लिहिलंय. बिलं प्रत्येक वर्षातली थोडी थोडी ठेवा, एकाच महिन्यातली गठ्ठाभर काढून उपयोग नाही.

फोटो आणि व्हिडिओ

काम करतानाचे फोटो-व्हिडिओ मागतात, आणि त्यात तुम्ही ओळखू आले पाहिजेत, चेहरा दिसला पाहिजे, हातात काम चालू दिसलं पाहिजे. मशीनशेजारी उभं राहून काढलेला फोटो कामाचा नाही. हेल्मेट, गॉगल, ग्लोव्हज, सेफ्टी शूज अंगावर असू द्या, चालू पॅनलमध्ये उघड्या हाताने काम करतानाचा फोटो तर चुकूनही पाठवू नका, तो तुमच्या विरोधात जाईल. प्लँटमध्ये मोबाइल बंद असेल तर साहेबांची लेखी परवानगी घ्या. व्हिडिओत काय करतोय आणि का करतोय ते साध्या इंग्रजीत बोलत गेलात तर पुढच्या इंटरव्ह्यूची तयारीही आपोआप होते.

स्कॅन, नावं, आणि पाठवणं

मूळ कागदाचं रंगीत स्कॅन, झेरॉक्सचं स्कॅन नाही. चारी कोपरे दिसावेत, शिक्का वाचता यावा, मागच्या बाजूला काही छापलं असेल तर तीही बाजू. एका नोकरीचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये तारखेच्या क्रमाने, आणि फाईलला नाव असं द्या की उघडायच्या आधीच कळेल आत काय आहे. सीव्हीवरच्या तारखा, फॉर्मवरच्या तारखा आणि पत्रांवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून एकदा दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या, आपल्या डोळ्याला आपली चूक दिसत नाही. अर्ज पाठवतानाच पूर्ण असला पाहिजे, एक पत्र नंतर पाठवतो असं म्हणून सबमिट करू नका. फी टप्प्याटप्प्याने भरायची असते, कागदांची वेगळी आणि टेक्निकलची वेगळी, त्यामुळे अर्धवट फाईल पाठवली तर नुकसान तुमच्याच खिशाचं.

सही करणाऱ्या प्रत्येकाला आधी फोन करून ठेवा की चौकशीचा फोन किंवा ईमेल येऊ शकतो. त्याला शिकवून ठेवायचं नाही, फक्त अनोळखी नंबर बघून त्याने फोन कापू नये एवढ्यासाठी.

एजंटबद्दल स्पष्ट लिहितो. ऑस्ट्रेलियात बसून तिथल्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर ओमारा, म्हणजे मायग्रेशन एजंटांची नोंद ठेवणारं तिथलं सरकारी ऑफिस, यांची नोंदणी लागते किंवा तिथला वकील असावा लागतो. नोंदणीकृत एजंटचा एमएआरएन म्हणजे नोंदणीचा नंबर असतो, तो ओमाराच्या साइटवर टाकून तपासा. अनुभवाचं पत्र आम्हीच बनवून देतो असं कुणी म्हणाला तर तिथून उठा. खोटा कागद सापडला तर पब्लिक इंटरेस्ट क्रायटेरियन ४०२० या व्हिसाच्या नियमाखाली व्हिसा नाकारतात आणि ३ वर्षं पुढचे व्हिसाही अडकतात, ओळखच खोटी निघाली तर १० वर्षं, आणि याचा फटका सोबत अर्ज केलेल्या बायको-मुलांनाही बसतो.

टेक्निकल असेसमेंट आणि निकालानंतर

कागद पास झाले की टेक्निकल इंटरव्ह्यू किंवा प्रॅक्टिकल, ट्रेडप्रमाणे. इंग्रजी पुस्तकी नको, पण तुमच्या हत्यारांची, टेस्टची, सेफ्टीची नावं पटकन तोंडात यायला हवीत आणि एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता आलं पाहिजे. स्वतःच्या पत्रांच्या प्रिंट काढा आणि प्रत्येक ओळीवर कसं केलं, काय काळजी घेतली, चुकलं असतं तर काय झालं असतं, असं मोठ्याने बोलून बघा. इलेक्ट्रिशियननी एएस/एनझेडएस ३००० हे तिथलं वायरिंगचं स्टँडर्ड आहे एवढं तरी माहीत करून घ्यावं.

निकाल आल्यावर त्यावरची तारीख लगेच लिहून ठेवा, व्हिसासाठी तो साधारण ३ वर्षं चालतो, पत्रावर कमी मुदत लिहिली असेल तर तेवढीच. स्किलसिलेक्ट या तिथल्या सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर ईओआय, म्हणजे व्हिसाच्या आमंत्रणासाठी इच्छा कळवणारा फॉर्म, भरताना अनुभवाच्या तारखा असेसमेंटमध्ये दिल्या त्याच टाका. आणि लायसन्सच्या ट्रेडवाल्यांनो, तुम्हाला मिळतं ते ऑफशोर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड, त्यावर तिथे उतरून लगेच एकट्याने वायरिंगला हात लावता येत नाही. ज्या राज्यात राहणार तिथल्या लायसन्सिंग ऑफिसकडून प्रोव्हिजनल लायसन्स घ्यायचं, लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली काम करत तिथल्या नियमांचं गॅप ट्रेनिंग पूर्ण करायचं, मग पूर्ण लायसन्ससाठी अर्ज. त्या गॅप ट्रेनिंगच्या काळात पगार कमी असू शकतो, तेव्हा घरच्यांशी पैशाचं बोलणं व्हिसा यायच्या आधीच करून ठेवा, आणि इथली सगळी मूळ कागदपत्रं सामानात टाकताना हातातल्या बॅगेत टाका, कारण लायसन्सच्या अर्जाला ती परत लागू शकतात.